अँटीव्हायरस फाईल तपासतो म्हणजे नेमकं काय करतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अकाउंट्सचं छोटं ऑफिस, चार कॉम्प्युटर, सगळं काम टॅली आणि एक्सेलवर. नवीन अँटीव्हायरस टाकल्यावर पहिल्या फुल स्कॅनला साडेतीन तास लागले, पुढच्या आठवड्यात तोच स्कॅन पंचवीस मिनिटांत उरकला. दोन्ही वेळा ‘धोका आढळला नाही’ असा हिरवा शेरा. तरीही झेरॉक्सच्या दुकानात जाऊन आलेल्या पेनड्राइव्हमधल्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले. मग हा प्रोग्राम फाईली खरंच वाचतो का, दुसऱ्या वेळी त्यानं टाळाटाळ केली का, टॅलीचा फोल्डर स्कॅनमधून वगळावा का आणि जोडीला आणखी एक अँटीव्हायरस टाकला तर काही फरक पडेल का?

टाळाटाळ केली, हो. आणि ती नीट करता येणं हीच चांगल्या अँटीव्हायरसची निम्मी हुशारी. स्कॅन इंजिनच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. बाहेरच्यांना वाटतं की तिथे सगळं डोकं व्हायरस ओळखण्यात खर्च होत असेल. प्रत्यक्षात त्याहून जास्त डोकं एकाच गोष्टीवर चालतं: कोणती फाईल न उघडता सोडून देता येईल. साध्या विंडोज मशीनवरही काही लाख फाईली सहज असतात. जकात नाक्यावर प्रत्येक ट्रकमधलं प्रत्येक पोतं सोडून बघितलं असतं, तर रांग दुसऱ्या जिल्ह्यात गेली असती. तिथे ओळखीचा नंबर, शाबूत सील, कागदावरचं वजन असं बघत बघत शेवटी एखाद्याच गाडीची ताडपत्री निघायची. स्कॅनरचंही तसंच चालतं. स्वस्त तपासण्या आधी, महाग तपासण्या नंतर, आणि बहुतेक फाईली महाग तपासणीपर्यंत पोचतच नाहीत.

आधी एक गोष्ट. फुल स्कॅन आपल्याला दिसतो म्हणून तोच मुख्य वाटतो. रोजचं संरक्षण मात्र रिअल टाइम स्कॅनमधून होतं आणि तो फाईल उघडण्याच्या वाटेवरच बसलेला असतो. विंडोजमध्ये फाईल सिस्टिमच्या वर छोटे ड्रायव्हर बसवता येतात, त्यांना मिनिफिल्टर म्हणतात. कोण कोणाच्या वर बसणार हे मायक्रोसॉफ्टनं आकड्यांनी ठरवून दिलंय. या आकड्याला अल्टिट्यूड म्हणतात आणि अँटीव्हायरसवाल्यांसाठी ३,२०,००० च्या पुढचा पट्टा राखून ठेवलेला आहे. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि ‘एफएलटीएमसी’ ही पाच इंग्रजी अक्षरं टाइप करून एंटर मारा. तुमच्या मशीनवर बसलेल्या सगळ्या फिल्टरांची यादी येईल. डिफेंडर, म्हणजे विंडोजसोबतच येणारा मायक्रोसॉफ्टचा अँटीव्हायरस, चालू असेल तर त्यात ‘डब्ल्यूडीफिल्टर’ दिसेल आणि त्याच्यापुढे ३२८०१० हा आकडा.

आता तुम्ही एक्सेलच्या फाईलवर डबल क्लिक केलंत. एक्सेल विंडोजला म्हणतं, ही फाईल उघडून दे. विनंती खाली जाताना फिल्टर ती अडवतो. एक्सेल तिथेच थांबलेलं असतं. फिल्टर स्वतः काही तपासत नाही. तो अँटीव्हायरसच्या मुख्य सर्व्हिसला निरोप देतो, ती फाईलमधला हवा तेवढा भाग वाचते आणि निकाल कळवते. ठीक असेल तर फाईल उघडते. नसेल तर विंडोज एक्सेलला २२५ नंबरची एरर देतं, जिचा अर्थ ‘या फाईलमध्ये व्हायरस आहे म्हणून काम पूर्ण झालं नाही’. हे सगळं बहुतेक वेळा इतक्या झटपट होतं की तुम्हाला पत्ता लागत नाही. फाईल बदलून बंद केली की पुन्हा एकदा तपासणी, कारण मजकूर आता वेगळा आहे. लिनक्सवर याच कामासाठी फॅनोटिफाय आहे, मॅकवर एंडपॉइंट सिक्युरिटी नावाची व्यवस्था. तत्त्व तेच: आधी अडव, मग विचार, मग सोड.

माणूस समोर थांबलेला असतो म्हणून रिअल टाइम स्कॅनला वेळेचं बंधन कडक. फुल स्कॅनला सवड असते. त्यामुळे एकच इंजिन दोन्हीकडे वेगळं वागतं, हे पुढे उपयोगी पडेल.

फाईल समोर आली की पहिला प्रश्न: हिला मी आधी पाहिलंय का? तपासून झालेल्या फाईलची नोंद ठेवलेली असते: कोणती फाईल, आकार किती, शेवटचा बदल कधी. शिवाय एनटीएफएस डिस्कवर (विंडोजची डिस्कवर फाईली मांडायची नेहमीची पद्धत) विंडोज स्वतःच सगळ्या बदलांची एक वही ठेवतं, तिला यूएसएन जर्नल म्हणतात. फाईलला मधल्या काळात कोणी हात लावला की नाही हे त्यातून कळतं. नसेल लावला, तर पुढे चला. तुमचे साडेतीन तास पंचवीस मिनिटांवर आले ते मुख्यतः यामुळे. नवीन डेफिनेशन, म्हणजे व्हायरस ओळखायच्या खुणांच्या याद्या, आल्या की हा जुना निकाल शिळा होतो, म्हणून मोठ्या अपडेटनंतर एखादा स्कॅन पुन्हा लांबतो. ते बिघाडाचं लक्षण नाही.

दुसरा प्रश्न: हिच्यावर कोणाची सही आहे? विंडोजच्या स्वतःच्या हजारो फाईलींवर मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही असते. सही जुळली म्हणजे फाईल कंपनीतून निघाली तशीच आहे, मधे कोणी फेरफार केलेला नाही. अशा फाईली बऱ्याच वेळा तिथल्या तिथे सुटतात. सहीवर आंधळा विश्वास ठेवता येत नाही, हे २०१० साली स्टक्सनेट या व्हायरसनं दाखवून दिलं. त्याच्या ड्रायव्हरांवर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या दोन तैवानी कंपन्यांच्या खऱ्या सर्टिफिकेटच्या सह्या होत्या. सर्टिफिकेटं चोरीची होती.

तिसरा प्रश्न: ही फाईल आहे तरी कोणत्या जातीची? इथे स्कॅनर नावाकडे बघत नाही. ‘लग्नपत्रिका.पीडीएफ.ईएक्सई’ असं नाव ठेवलं की विंडोज नेहमीच्या सेटिंगमध्ये शेवटचं एक्स्टेन्शन लपवतं आणि माणूस फसतो. स्कॅनर थेट सुरुवातीचे बाइट वाचतो. विंडोजच्या प्रोग्रामची सुरुवात ‘एमझेड’ या दोन अक्षरांनी होते. मायक्रोसॉफ्टचे मार्क झ्बिकोव्स्की यांची ही आद्याक्षरं, विंडोजच्या आधीच्या डॉस सिस्टिमच्या काळापासून तशीच राहिलेली. झिपची सुरुवात ‘पीके’, फिल कॅट्झ यांच्या नावावरून. तुमची आजची वर्ड आणि एक्सेलची फाईल, व्हॉट्सॲपवर फिरणारी लग्नपत्रिकेची किंवा ई-चलनाची एपीके (अँड्रॉइड ॲपची फाईल), या सगळ्या आतून झिपच असतात, म्हणजे सुरुवात ‘पीके’नंच. मग झिप उघडून आत काय मांडणी आहे ते बघून कागद कोणता आणि ॲप कोणतं हे ठरतं.

जात कळली की कुठे बघायचं तेही कळतं, आणि ‘सगळी फाईल वाचतो का’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. नाही, बहुतेक वेळा वाचत नाही. दोन जीबीचा लग्नाचा व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळण्यात अर्थ नाही. प्रोग्रामची फाईल घेतली, तर सुरुवातीपासून ६० व्या बाइटवर एक पत्ता असतो, तो खऱ्या हेडरकडे नेतो. हेडरमध्ये लिहिलेलं असतं की प्रोग्रामचे भाग किती, कोणता कुठे, आणि काम सुरू कुठून करायचं. जुने व्हायरस स्वतःला फाईलच्या शेपटीला चिकटवायचे आणि ही सुरुवातीची जागा बदलून आपल्याकडे वळवायचे. म्हणून स्कॅनर आजही आधी तिथेच जातो. काम सुरू होण्याची जागा शेवटच्या भागात असेल, किंवा एखाद्या भागावर लिहायची आणि चालवायची अशा दोन्ही परवानग्या एकत्र असतील, तर त्याची भुवई वर जाते. लगेच गुन्हेगार ठरवत नाही, पण नोंद करून ठेवतो.

यानंतर येते ती ओळख पटवण्याची पायरी, लोक जिला ‘सिग्नेचर’ म्हणतात. सगळ्यात सोपी सिग्नेचर म्हणजे पूर्ण फाईलचा हॅश, म्हणजे तिच्या सगळ्या बाइटांवरून गणितानं काढलेला, बोटाच्या ठशासारखा एक आकडा. क्लॅमएव्ही हा अँटीव्हायरस मुक्त (ओपन सोर्स) आहे, त्याच्या डेफिनेशन कोणालाही उघडून बघता येतात. त्यात हॅशच्या ओळीत तीन गोष्टी असतात: हॅश, फाईलचा आकार आणि व्हायरसचं नाव. आकार कशाला? कारण हॅश काढायला अख्खी फाईल वाचावी लागते आणि आकार मात्र न वाचता कळतो. आकारच जुळत नसेल तर पुढे जायची गरज नाही. पुन्हा तेच, स्वस्त ते आधी.

हॅशचा दोष उघड आहे. फाईलमधला एक बाइट बदला, हॅश पूर्ण बदलतो. म्हणून दुसरा प्रकार: व्हायरसच्या कोडमधला असा एक तुकडा निवडायचा जो बदलणं त्याच्या लेखकाला जड जाईल, आणि मधले बदलणारे बाइट ‘इथे काहीही चालेल’ म्हणून मोकळे सोडायचे. असे तुकडे लाखांत असतात. एकेक तुकडा घेऊन प्रत्येक फाईल चाळली तर साडेतीन तास काय, साडेतीन महिने लागतील. यावरचा उतारा अँटीव्हायरस जन्माला येण्याआधीच तयार होता. १९७५ साली बेल लॅब्जमध्ये आल्फ्रेड अहो आणि मार्गारेट कोरासिक यांनी एक पद्धत मांडली, ग्रंथसूचीत एकाच वेळी अनेक शब्द शोधण्यासाठी. सगळे शब्द मिळून आधी एक जाळं विणायचं आणि मजकूर त्यावरून एकदाच फिरवायचा. शब्द दहा असोत की दहा हजार, मजकूर वाचायचा तो एकदाच. क्लॅमएव्ही आजही हीच पद्धत वापरतो. डेफिनेशन लोड झाल्यावर अँटीव्हायरस एवढी रॅम का खातो, असं लोक विचारतात. त्यातला बराचसा हिस्सा या जाळ्याचा असतो.

हे स्वतः बघायचं असेल तर आयकारची टेस्ट फाईल घ्या. आयकार ही युरोपातली अँटीव्हायरस संशोधकांची संस्था. त्यांनी ६८ अक्षरांची एक ओळ ठरवून दिली आहे, त्यांच्या साईटवर मिळते. ती पूर्ण निरुपद्रवी आहे, पण सगळे अँटीव्हायरस ती व्हायरस म्हणून पकडायचं ठरवून बसलेत. गंमत म्हणजे ती ओळ हा खराखुरा डॉस प्रोग्रामही आहे; कीबोर्डवर टाइप करता येतील अशाच अक्षरांतून बेतून लिहिलेला, चालवला तर स्वतःचं नाव छापून थांबतो. ओळ नोटपॅडमध्ये पेस्ट करा, तोवर काही होणार नाही, कारण अजून फाईलच नाही. सेव्ह केलंत की पकडली जाईल. आता तिच्या आधी एक अक्षर टाकून सेव्ह करा. नियमाप्रमाणे ती सुटायला हवी, कारण ओळ फाईलच्या अगदी सुरुवातीलाच असली पाहिजे आणि पूर्ण फाईल १२८ अक्षरांपेक्षा मोठी नसावी असं ठरलेलं आहे. मग तीच फाईल झिप करा, झिपची पुन्हा झिप करा. बऱ्याच अँटीव्हायरसांत रिअल टाइम स्कॅन झिपला तसाच बसू देतो आणि तुम्ही ती सोडवलीत की आतली फाईल डिस्कवर उतरताक्षणी झडप घालतो. फुल स्कॅन मात्र झिप उघडून आत शिरतो. रिअल टाइमचा हा आळस नाही: झिपमधली गोष्ट बाहेर काढल्याशिवाय चालू शकत नाही, मग तेव्हाच बघितलेलं पुरतं.

आत शिरण्यालाही मर्यादा घालावी लागते. ‘४२.झिप’ नावाची एक कुप्रसिद्ध फाईल आहे, आकार ४२ केबी. झिपच्या आत झिप करत पूर्ण उलगडली तर साडेचार पेटाबाइट होते. कुठे थांबायचं हे ठरवलेलं नसेल तर स्कॅनर तिथेच गळपटेल. म्हणून प्रत्येक इंजिनात किती थर खाली जायचं, किती डेटा उलगडायचा, किती वेळ द्यायचा याचे आकडे ठरलेले असतात. त्यापलीकडचं तो बघत नाही, आणि साध्या सेटिंगमध्ये तसं सांगतही नाही. पासवर्ड घातलेल्या झिपचंही तसंच. साध्या झिपमध्ये पासवर्ड असला तरी आतल्या फाईलींची नावं आणि आकार दिसतात, मजकूर नाही. एमोटेटसारख्या टोळ्या म्हणूनच मेलला पासवर्डवाली झिप जोडायच्या आणि पासवर्ड मेलच्या मजकुरात द्यायच्या. बँकेच्या स्टेटमेंटमुळे आपल्याकडे लोकांना पासवर्डची फाईल म्हणजे जास्त सुरक्षित असं वाटतं. अनोळखी मेलमधली असेल तर उलट समजा.

खरी कुस्ती पुढे आहे. सिग्नेचरवाला तुकडा सापडू नये म्हणून व्हायरसचं अंग एन्क्रिप्ट करून ठेवायचं आणि चालू होताना एक छोटा तुकडा ते उलगडेल अशी सोय करायची, ही युक्ती १९८० च्या दशकातच आली. मग स्कॅनरनी तो उलगडणारा तुकडा पकडायला सुरुवात केली. १९९० साली मार्क वॉशबर्न यांनी ‘१२६०’ हा व्हायरस लिहून दाखवला. त्यात उलगडणारा तुकडाही दर वेळी नव्यानं बदलून यायचा. पाठोपाठ ‘डार्क अव्हेंजर’ हे टोपणनाव घेणाऱ्या बल्गेरियन लेखकानं असं बदलणारं इंजिनच तयार करून वाटलं. तुकडे शोधणाऱ्यांची पंचाईत झाली.

यावरचा मार्ग म्हणजे एम्युलेटर. फाईल खरोखर न चालवता स्कॅनर स्वतःच्या पोटात एक खोटा प्रोसेसर आणि खोटं विंडोज उभं करतो आणि प्रोग्रामला सांगतो, चाल बघू. प्रोग्राम स्वतःचं आवरण स्वतःच उलगडतो आणि मग खोट्या मेमरीत उघडं पडलेलं अंग पुन्हा त्याच जाळ्यावरून फिरवलं जातं. ही सगळ्यात महाग तपासणी, म्हणून तिलाही सूचनांची मर्यादा. व्हायरस लिहिणाऱ्यांना हे माहीत असतं, ते सुरुवातीलाच निरर्थक आकडेमोडीत वेळ काढतात, म्हणजे स्कॅनर कंटाळून सोडून देईल. खोटेपणा ओळखायचेही प्रयत्न होतात. डिफेंडरच्या एम्युलेटरमधल्या खोट्या कॉम्प्युटरचं नाव ‘एचएएल९टीएच’ आणि युजरचं नाव ‘जॉनडो’ आहे, हे बाहेर फुटलं. तेव्हापासून पासवर्ड चोरणारे काही प्रोग्राम आधी ही दोन नावं तपासतात आणि सापडली तर गुपचूप बंद होतात.

एवढं करूनही ओळख पटली नाही तर अंदाज. आधी जमवलेल्या सगळ्या नोंदींना गुण दिले जातात: शेवटच्या भागातून होणारी सुरुवात, मजकुराचा विस्कटलेपणा, विंडोजची कोणकोणती कामं मागितली आहेत, सही नाही, इंटरनेटवरून आली आहे. विस्कटलेपणा मोजायला शॅननचं एन्ट्रॉपीचं माप वापरतात. बाइटमागे जास्तीत जास्त ८ बिट. साधा कोड त्याच्या बराच खाली असतो. सातच्या वर गेला की तो दाबलेला किंवा एन्क्रिप्ट केलेला असण्याची शक्यता. पूर्वी हे गुण माणसं ठरवायची, आता मशीन लर्निंगचं मॉडेल ठरवतं. मॉडेलचं नाव जाहिरातीत मोठं असतं, पण त्याला खायला घालायच्या गोष्टी बऱ्याचशा त्याच जुन्या आहेत.

अजूनही शंका असेल तर फाईलचा हॅश क्लाउडला पाठवून विचारतात की जगात आणखी कोणाकडे ही फाईल आहे का, कधीपासून आहे. डिफेंडर यासाठी फाईल दहा सेकंदांपर्यंत अडवून ठेवू शकतो, सेटिंग बदलून ही वेळ साठ सेकंदांपर्यंत वाढवता येते. नेट बंद असेल तर हा टप्पा गळतो. ‘टॅलीच्या मशीनला नेट नाही, म्हणजे सुरक्षित’ हा समज म्हणूनच अर्धाच खरा. पेनड्राइव्ह तर त्याला लागतोच.

अंदाज म्हटला की चूक आली. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटनं विंडोज एक्सपीची ‘एसव्हीसीहोस्ट’ ही स्वतःची फाईलच व्हायरस ठरवली. जगभरातली मशीनं पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिली, नेटवर्क गेलं. म्हणून शहाणे अँटीव्हायरस फाईल लगेच पुसत नाहीत, क्वारंटाइनमध्ये टाकतात. तिथे ती चालू शकणार नाही अशा रूपात बदलून ठेवलेली असते आणि परत आणता येते. चांगला चालणारा एखादा प्रोग्राम अचानक गायब झाला तर नव्यानं इन्स्टॉल करण्याआधी तिथे बघा.

आता त्या हिरव्या शेऱ्याबद्दल. त्याचा अर्थ एवढाच: दिलेल्या वेळेत, ठरलेल्या मर्यादेत, आजच्या माहितीवर मला काही सापडलं नाही. याच्यापलीकडे जाणं शक्य नाही हे फ्रेड कोहेन यांनी १९८४ च्या निबंधातच दाखवलं. युक्तिवाद गमतीदार आहे. समजा, कोणी कधीच न चुकणारा अँटीव्हायरस बनवला. मी एक प्रोग्राम लिहितो, जो सुरू होताच त्याच अँटीव्हायरसला विचारतो, ‘मी व्हायरस आहे का?’ उत्तर ‘हो’ आलं तर तो गप्प बसतो, ‘नाही’ आलं तर पसरायला लागतो. म्हणजे उत्तर काहीही दिलं तरी चुकलंच.

आणखी एक अडचण अशी की स्कॅनर वाचतो ते विंडोजच्या मदतीनं, आणि विंडोजच बिघडलेलं असेल तर त्याला दाखवलं जातं तेच दिसतं. हेही जुनंच दुखणं. १९८६ साली लाहोरच्या अल्वी बंधूंनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा व्हायरस फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये (मशीन चालू होताना सगळ्यात आधी वाचला जाणारा भाग) बसायचा आणि कोणी तो सेक्टर वाचायला गेलं की दुसरीकडे जपून ठेवलेला मूळ सेक्टर पुढे करायचा. त्या फ्लॉपीच्या जमान्यातच पुण्यात कैलास काटकरांच्या दुरुस्तीच्या व्यवसायातून आणि त्यांचे धाकटे भाऊ संजय यांच्या प्रोग्रामिंगमधून पुढे क्विक हील उभी राहिली. आज अशा लपणाऱ्यांसाठी ऑफलाइन स्कॅन असतो. मशीन बंद करून वेगळ्या, स्वच्छ सिस्टिमवर चालू होतं आणि मूळ विंडोज झोपलेलं असताना डिस्क तपासली जाते.

तुमच्या पेनड्राइव्हकडे येतो. फोल्डर कुठे गेले नव्हते. व्हायरसनं त्यांना ‘हिडन’ आणि ‘सिस्टिम’ अशा दोन खुणा लावल्या आणि त्याच नावाचे शॉर्टकट समोर मांडले. शॉर्टकटवर क्लिक केलं की आधी त्याची स्क्रिप्ट चालते, मग खरा फोल्डर उघडतो, म्हणून शंका येत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टनं अपडेट देऊन पेनड्राइव्हचं ऑटोरन बंद केलं. पेनड्राइव्ह लावल्याबरोबर आपोआप चालू होण्याची सोय गेली, तेव्हा या मंडळींना माणसाच्या क्लिकची गरज उरली.

दोन्ही फुल स्कॅनना हे का दिसलं नाही? पहिलं कारण साधं आहे. त्या वेळी पेनड्राइव्ह लावलेला तरी होता का? डिफेंडरमध्ये तर फुल स्कॅन बाहेरचे ड्राइव्ह मुळात घेतच नाही, ते सेटिंग वेगळं चालू करावं लागतं. तुमच्या अँटीव्हायरसातही बघून घ्या. दुसरं, ही स्क्रिप्ट म्हणजे साधा मजकूर. दोन नावं बदलली की हॅश बदलला, आणि ती चालवणारा ‘डब्ल्यूस्क्रिप्ट’ हा मायक्रोसॉफ्टच्या सहीचा, निर्दोष प्रोग्राम. अशा वेळी फाईल तपासून फारसं हाती लागत नाही. विंडोज १० पासून आलेली एएमएसआय ही सोय इथे कामाला येते. स्क्रिप्ट चालायच्या क्षणी तिचा उलगडलेला मजकूर अँटीव्हायरसच्या हातात दिला जातो.

स्क्रिप्ट आणि शॉर्टकट निघाले तरी लपलेले फोल्डर आपोआप परत येत नाहीत, आणि लोक ‘अँटीव्हायरसनं डेटा खाल्ला’ म्हणून पेनड्राइव्ह फॉरमॅट मारतात. तसं करू नका. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘हिडन’ची खूण काढायला गेलात तर ती करडी दिसेल, हलणार नाही, कारण ‘सिस्टिम’ची खूणही सोबत आहे. कमांड प्रॉम्प्टमधून ‘ॲट्रिब’ कमांडनं दोन्ही खुणा एकदम काढा. आणि दुकानातलं मशीन सुधारणं तुमच्या हातात नाही, तेव्हा प्रिंटसाठी एक वेगळा पेनड्राइव्ह ठेवा, त्यात प्रिंटच्या पीडीएफशिवाय काही नको. नाहीतर सरळ मेल करा.

दुसरा अँटीव्हायरस टाकू नका. एकानं तपासायला फाईल उघडली की दुसऱ्याचा फिल्टर ती अडवतो, दुसऱ्यानं उघडली की पहिल्याचा. मशीन हँग होण्याचं निमित्त तुम्हीच आणून ठेवाल. बाहेरचा अँटीव्हायरस रीतसर नोंदवला की घरगुती विंडोजमध्ये डिफेंडर आपणहून बाजूला होतो, तो याच कारणानं. शिवाय अनोळखी फाईली उलगडणारा प्रोग्राम स्वतःही हल्ल्याचं दार असतो. मे २०१७ मध्ये गुगलच्या प्रोजेक्ट झिरो या सुरक्षा संशोधकांच्या गटातल्या टॅव्हिस ऑर्मंडी आणि नॅटली सिल्व्हानोविच यांनी डिफेंडरच्या इंजिनातच असं भगदाड दाखवलं की फाईल माणसानं उघडायचीही गरज नव्हती, स्कॅन झालं की पुरे. मायक्रोसॉफ्टनं ते काही दिवसांत बुजवलं. पण असे दोन दरवाजे कशाला हवेत?

टॅलीच्या डेटा फोल्डरचं म्हणाल, तर तिथे दिवसभर फाईली उघडत-बंद होत असतात आणि प्रत्येक बदलानंतर पहिली नोंद शिळी होऊन तपासणी पुन्हा सुरू होते. एंट्री मारताना मशीन अडखळत असेल तर फक्त तेवढा डेटा फोल्डर रिअल टाइममधून वगळायला हरकत नाही. प्रोग्रामचा फोल्डर, डाउनलोड्स, टेम्प आणि संपूर्ण डी ड्राइव्ह मात्र कधीही वगळू नका, कितीही वेळा कोणी सांगितलं तरी. वगळलेला फोल्डर आठवड्याच्या फुल स्कॅनमध्ये येतो का तेही पाहा, कारण काही प्रोग्रामांत एकदा वगळलं की ते दोन्हीकडे लागू होतं. तसं असेल तर महिन्यातून एकदा वगळणी काढा, जेवायच्या सुट्टीत तेवढा फोल्डर स्कॅनला लावा आणि मग परत घाला.